चारच्या आकड्याजवळचं फूल

माझ्या दोघी बहिणी एरवी चांगल्या शहाण्या आहेत. थोरली, म्हणजे ताई, इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. तिच्यासमोर भलेभले सर्जन आवाज खाली करून बोलत. धाकटीला पन्नाशी उलटली तरी आम्ही छोटीच म्हणतो. ती दात बनवते. डॉक्टर नव्हे, डॉक्टर माप पाठवतात आणि ही आपल्या लॅबमध्ये बसून पोर्सेलीनचे दात घडवते, भट्टीत भाजते आणि शेजारच्या खऱ्या दाताशी त्यांचा रंग असा जुळवते की ज्याच्या तोंडात तो दात बसला त्यालाही आपला कोणता नि विकतचा कोणता ते आठवू नये. मी मधला. लिफ्ट दुरुस्त करतो. आम्हां तिघांत डोकं ठिकाणावर असलेला मी एकटाच, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला घरात कुणी भीक घालत नाही.

त्या दोघींना घड्याळांचं वेड आहे. साधंसुधं वेड असतं तर मी काही बोललो नसतो. यांना हवी असतात ती खिशात ठेवायची, साखळीची घड्याळं. तीही अमेरिकन, तीही पणजोबांच्या काळातली, आणि त्यांतही तबकडी रंगवलेली. स्विस घड्याळाचं नाव काढलं की दोघी एकाच वेळी नाक मुरडतात. त्यांचं एकमत होतं ते एवढ्या एकाच बाबतीत. त्या काळी म्हणे तिकडं घड्याळाचं यंत्र वेगळं विकायचे आणि वरची धातूची डबी, म्हणजे केस, वेगळी. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून आपल्या पसंतीनं जोडी लावायचं. रेल्वेतल्या माणसांना स्वच्छ पांढरी तबकडी आणि ठळक काळे आकडे लागत. ज्यांना चारचौघांत घड्याळ काढून मिरवायचं असे त्यांच्यासाठी रंगीत तबकड्या होत्या. तांब्याच्या पातळ चकतीवर पांढरं एनॅमल, म्हणजे काचेचा लेप, भाजून चढवायचं आणि त्यावर फुलं, गुलाबी कडा, सोनेरी वेलबुट्टी, जे सुचेल ते. मला विचाराल तर त्यांतल्या बऱ्याच वाढदिवसाच्या केकसारख्या दिसतात. हे मी एकदा मोठ्यानं बोललो, आणि तो आख्खा दिवस दोघीही माझ्याशी बोलल्या नाहीत. मला जरा बरंच वाटलं.

दोघींचे संग्रह वेगळे, कपाटं वेगळी, भांडणं तेवढी सामाईक. आणि एक घड्याळ. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात दोघींचा हात एकदमच त्याच्यावर पडला, आणि आधी कुणी पाहिलं यावरून तिथल्या तिथं जुंपली. दुकानदार बिचारा म्हणाला, "आधी घरी ठरवून या, मग मी विकतो," आणि त्यानं ते काउंटरखाली ठेवून दिलं. शेवटी मला मध्ये पडावं लागलं. ठरलं ते असं: घड्याळ दोघींचं. सहा महिने हिच्याकडे, सहा महिने तिच्याकडे. पाळी बदलायची ती माझ्या घरी, रविवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर.

ते घड्याळ मलाही आवडायचं. कुणाला कधी बोललो नाही, पण आवडायचं. तबकडीची कड फिकट गुलाबी, तिच्या आत सोन्याच्या बारीक ठिपक्यांची नक्षी, आणि बारा, चार नि आठ या आकड्यांजवळ एकेक जांभळं फूल. पाच पाकळ्यांचं, मध्ये पिवळा ठिपका. केकसारखं अजिबात नाही.

पाळी बदलायची रीत दोघींनी मिळून बसवली होती, आणि ती बघून माझी बायको दर वेळी त्या रविवारी माहेरी निघून जायची. "वन्संचं न्यायालय सुरू झालं की मला बोलवू नका," म्हणायची. देणारीनं घड्याळ निळ्या टॉवेलवर ठेवायचं आणि हात मागं घ्यायचे. घेणारीनं डोळ्याला भिंग लावून एकच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि एकेक आकडा तपासत बारावर यायचं. मग भिंग खाली ठेवून म्हणायचं, "ठीक." ते होईपर्यंत मीसुद्धा तोंड उघडायचं नाही. ठीक झालं की दोघी मोकळ्या व्हायच्या. मग संध्याकाळपर्यंत बसायच्या. नवीन काय मिळालं, कुणाला कुणी फसवलं, कुठल्या तबकडीवर कुणी नंतर रंग फासलाय, अशा गप्पा. आई गेल्यानंतर दोघी एकमेकींकडे जायच्या बंद झाल्या होत्या. काही मोठं कारण नव्हतं. दोघीही हट्टी, कुणी पहिल्यांदा फोन करायचा एवढाच प्रश्न. वर्षातून दोनदा या टेबलाशी बसायच्या, तेवढंच.

ताईची एक अट मात्र जास्तीची होती. "या तबकडीला पाणी लावायचं नाही." पुढं काही वर्षांनी तिनं ही अट घातली, आणि मग दर पाळीला घालत राहिली. छोटी म्हणायची, "आयुष्यभर सगळ्यांना हात धुवायला लावले, आता मला धुवू नको म्हणते." पण पाळायची.

यंदा ताईनं जाहीर केलं की ती मुलाकडे राहायला जाणार. मुलगा परदेशात, समुद्रापार. कायमचं. घर आवरायला घेतलं. जायच्या आधीच्या रविवारी पाळी बदलायची होती आणि पाळी येत होती ताईची. म्हणजे घड्याळ तिच्याबरोबर जाणार, आणि सहा महिन्यांनी ते परत कोण आणणार, हे कुणीच बोलत नव्हतं. मला मात्र स्पष्ट दिसत होतं. घड्याळाच्या निमित्तानं का होईना, माझ्या बहिणी एकमेकींसमोर बसत होत्या. ते निमित्त गेलं की दोघी जिवंत असून एकमेकींना मेल्यासारख्या होणार. मला त्याची भीती वाटत होती. रविवार जवळ येत चालला तसं जेवण जाईना.

त्या आठवड्यात भर दुपारी छोटीचा फोन आला. मी एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होतो, हात ग्रीसनं भरलेले.

"दादा, ताबडतोब ये."

"कोण अडकलंय?"

"मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

छोटीची लॅब म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला फळ्या आणि त्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. नवीन माणूस आत आला की आधी दचकतो, मग स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवतो. खिडकीजवळ तिचं टेबल, त्यावर दिवा, ब्रश, पावडरच्या बाटल्या, कोपऱ्यात पावाच्या पेटीएवढी भट्टी. छोटी टेबलाशी नुसती बसली होती. समोर काचेची वाटी, आणि वाटीतलं पाणी फिकट जांभळं.

"काय केलंस?" मी म्हटलं, पण तोवर मला दिसलं होतं. शेजारी टिश्यू कागदावर ती तबकडी पडली होती. यंत्रावरून उतरवलेली, काट्यांशिवाय. बाराजवळचं फूल जागेवर, आठजवळचं जागेवर. चारजवळ नुसती पांढरी जागा.

"आठजवळ एक चीर आहे," छोटी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "केसाएवढी. पहिल्यापासून आहे. त्यात मळ बसून ती काळी दिसायला लागली होती. म्हटलं, ताई घेऊन जाणार तर स्वच्छ देऊ. कवळ्या धुवायची गोळी टाकली पाण्यात. सगळेच टाकतात रे. माझ्या सगळ्या तबकड्या मी अशाच धुते. चीर नाहीशी झाल्यासारखी दिसते."

"आणि फूल नाहीसं झालं."

"बोल, अजून बोल."

मी स्टूल ओढून बसलो. "सांगून टाक तिला."

"सांगू? म्हणजे ती म्हणणार, मी सांगत होते पाणी लावू नको."

"म्हणणारच."

"जन्मभर म्हणेल."

"फोनवरून म्हणेल," मी म्हटलं. "चांगलंच आहे की. फोन तरी करेल."

छोटी हसली नाही. तिनं दिवा खाली ओढला, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवला आणि ब्रश काढले. तिचा विचार मला कळला. हिच्या हाताला रंग काय नवीन? दोन फुलं समोर नमुन्याला आहेत, तिसरं तसंच काढायचं. मी म्हटलं, "आणि भट्टीत घालणार?"

"वेडा आहेस का? तबकडी यंत्रात बसवायचे मागचे पाय डाखानं जोडलेत. गळून पडतील. वरूनच रंगवायचं." तिनं तबकडी चिमट्यानं उचलून दिव्याखाली धरली. "ताईला कळणार नाही."

माझी छोटी तशी खोटं बोलणाऱ्यांतली नाही. पण ताईसमोर ती अजून फ्रॉकमधली होते, आणि फ्रॉकमधली पोरं फुटलेली वस्तू पलंगाखाली सरकवतातच. मी उठून हात धुतले. परत आलो तरी तिनं ब्रश टेकवला नव्हता. तबकडीवर वाकून बसली होती.

"दादा," ती म्हणाली, "भाजलेला रंग गोळीनं जात नाही."

"मग हा गेला तो?"

"तेच म्हणते. ही फुलं भट्टीत भाजलेली असतात. एनॅमलमध्ये मुरलेली. तू उकळत्या पाण्यात टाक, दात घासायच्या ब्रशनं घास, काही होत नाही. मी मूर्ख आहे, मला पाणी जांभळं झालं तेव्हाच कळायला हवं होतं." तिनं दातांची टोकदार सळई घेतली आणि त्या पांढऱ्या जागेवर हलकेच टेकवली. मग जरा दाबली. "इथं टवका उडाला होता. कुणीतरी भरलाय. हे एनॅमल नाहीच."

"मग काय आहे?"

ती उठली. फळीवरून एक बाटली काढली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. दातांच्या रंगांची पट्टी काढून तिच्यातला एक नमुना तबकडीशेजारी धरला. मग माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "या बाटलीतलं. ही पावडर आणि तिचं द्रावण मिसळलं की दगडासारखं घट्ट होतं. बघ, बारीक बुडबुडे राहिलेत. घाईत मिसळलं की राहतात. ताई इतक्या वर्षांत एकदाच इथं आली होती. म्हणाली, आईच्या कपाचा कान निखळलाय, काहीतरी दे जोडायला. मी थोडीशी पावडर दिली. कशी मिसळायची तेही दाखवलं. दादा, मी तिला शिकवलं!"

मला दोन्ही कप आठवत होते, आईचे. दोन्हींचे कान शाबूत होते.

"म्हणजे टवका तिनं उडवला. तिनं भरला. वर फूल काढलं आणि मला म्हणाली, पाणी लावू नको." छोटी आता उभी राहून बोलत होती. "आणि मी! भिंग लावून एकेक आकडा बघत होते आणि दर वेळी मीच ठीक म्हणत होते! रस्त्याच्या पलीकडून खोटा दात ओळखते मी. माझ्याच बाटलीतलं भरण मला ओळखता आलं नाही!"

तिचा राग कशावर जास्त होता, ताईवर की स्वतःच्या डोळ्यांवर, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं ब्रश एकेक करून जागेवर ठेवले.

"मी रंगवणार नाही. असंच देणार. बोडकं. बघू काय म्हणते."

"छोटे, ती चालली आहे. शेवटच्या दिवशी भांडण नको."

"मग कधी करू? ती गेल्यावर?"

मी लिफ्टकडे परत गेलो. त्या दिवशी एक तार चुकीच्या ठिकाणी जोडली आणि चौथ्या मजल्याचं बटण दाबलं की लिफ्ट तळघरात जायला लागली.

दुसऱ्या दिवशी ताईकडे पंखे उतरवायला गेलो. घर जवळजवळ रिकामं. तिची घड्याळं टेबलावर ओळीनं ठेवलेली, प्रत्येक घड्याळ भावोजींच्या एकेका मोज्यात. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली, पण मोजे तिनं ठेवले होते. "लोकरीचे आहेत," ती म्हणाली, "धक्का लागत नाही." ती खोक्याला सुतळी बांधत होती आणि गाठ काही बसेना. सुतळीचं टोक सारखं हुकत होतं. मी बघतोय हे लक्षात आल्यावर तिनं हात पदराखाली घेतले.

"थरथरतो हल्ली," ती म्हणाली. "म्हणूनच मुलगा म्हणतो, एकटी राहू नकोस."

मी सुतळी बांधली. ताई म्हणाली, "छोटीनं घड्याळ धुतलं नाही ना?"

मी शिडीवर चढलो. वर गेलं की चेहरा दिसत नाही. "मला काय विचारतेस? मी लिफ्टवाला माणूस."

"मी काय म्हणते," ताई खालून म्हणाली, "ते घड्याळ तिच्याकडेच राहू दे. कायमचं. मी रविवारी तसं सांगणार आहे. एवढ्या लांब कशाला न्यायचं?"

दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, किती मोठं मन. पण माझ्या डोळ्यांसमोर ते टेबल आलं, निळा टॉवेल आला आणि दोन रिकाम्या खुर्च्या आल्या. मला वाटलं, सांगून टाकावं: ताई, तिला सगळं कळलंय, ती भांडायला बसली आहे. पण सांगितलं असतं तर ताई रविवारी आलीच नसती. ती आजारी पडली असती, किंवा विमान लवकरचं धरलं असतं. मी पंखा उतरवला आणि गप्प राहिलो. दोन बहिणींच्या मधला भाऊ आयुष्यात दुसरं काय करतो?

रविवारी बायको सकाळीच माहेरी गेली. जाताना म्हणाली, "या वेळी तुमचा चेहराच सांगतोय, भांडीकुंडी आवरून ठेवा." मी टॉवेल पसरला. दोघी आल्या, पाच मिनिटांच्या अंतरानं, नेहमीप्रमाणे आधी ताई. छोटी आली ती ताईकडे न बघताच खुर्चीत बसली. पर्समधून घड्याळ काढलं, टॉवेलवर ठेवलं आणि हात मागं घेतले. तिनं ते पुन्हा नीट जोडलं होतं, काटे बसवले होते, किल्ली दिली होती. टिकटिक ऐकू येत होती.

ताईनं भिंग डोळ्याला लावलं. घड्याळ हातात घेतलं नाही, टॉवेलवरच राहू दिलं आणि स्वतः वाकली. एक. दोन. तीन. चारवर ती थांबली. छोटी तिच्या तोंडाकडे रोखून बघत होती. ताईचा चेहरा हलला नाही. थिएटरमध्ये काम केलेलं माणूस. तिथं काय काय दिसलं तरी चेहरा हलवायचा नसतो. ती तशीच पुढं गेली. पाच. सहा. आठवर आली, चीर बघितली असेल, पुढं गेली. बारावर आली. भिंग खाली ठेवलं.

"ठीक," ताई म्हणाली.

छोटीच्या हाताचा फटका टेबलावर बसला. "ठीक? ताई, तिथं फूल नाही!"

"दिसलं मला."

"मग ठीक काय म्हणतेस?"

"मग काय म्हणू? तू धुतलंस म्हणू?" ताईचा आवाज चढला नाही. "धुतलंस म्हणजे तुला कळलं. कळलं म्हणजे झालं. आता त्यात तपासायचं काय राहिलं?"

छोटी बरंच काही ठरवून आली होती. मी ओळखतो तिला. रात्रभर वाक्यं जुळवली असणार. ती सगळी तशीच राहिली. मग तिनं एकच विचारलं, आणि ते भांडल्यासारखं नव्हतं.

"कसं फुटलं?"

"काटा काढत होते," ताई म्हणाली. "तासकाटा तिरका वाटत होता. चिमटा सटकला. इतकी वर्षं चिमटे हातात धरले, माझ्या हातून कधी काही सटकलं नव्हतं. टवका उडून कुठं गेला कळलंच नाही. खोलीभर गुडघ्यांवर फिरले. केरसुणीनं गोळा करून केर चाळला. नाही सापडला. मग तुझ्याकडे आले, कपाचं खोटं सांगून."

"आणि फूल?"

"फूल काढायला शिकले. आधी बशांवर गिरवलं."

मी न राहवून म्हणालो, "त्या जांभळ्या फुलांच्या बशा! माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला दिलेल्या!"

"मग, वाया घालवू?" ताई म्हणाली.

छोटी हसायच्या बेतात होती, पण हसली नाही. तिनं ओठ घट्ट मिटले. "मला सांगायचं होतंस, ताई. मी काय खाल्लं असतं का तुला?"

"तू पाळी मोडली असतीस."

"नसती मोडली."

"मोडली असतीस. म्हणाली असतीस, तुझ्या हाती सुरक्षित नाही, माझ्याकडेच ठेवते. बरोबरच होतं ते, मीही तेच म्हटलं असतं. मग मी या टेबलापाशी कशाला आले असते? तू तरी आली असतीस का?" ताईनं भिंग टॉवेलवर सरळ करून ठेवलं. "दर वेळी द्यायला यायचे मी. वाटायचं, आज पकडणार ही. तू ठीक म्हणायचीस, आणि मला बरं वाटायचं. आणि थोडा रागही यायचा तुझा. एवढी दात बघणारी, आणि एक फूल दिसत नाही हिला."

तू तरी आली असतीस का, याचं उत्तर छोटीला माहीत होतं. मलाही. ती आली नसती.

मग ताई म्हणाली, "आता ते तुझ्याकडेच ठेव. कायमचं. मी फोडलं, मी लपवलं. माझा हक्क गेला."

"कायमचं नको मला," छोटी म्हणाली.

"अगं, पण मी चालले."

"चाललीस तर चाल. पाळी तुझी आहे." छोटीनं पर्स उघडली आणि एक लहान डबी काढली. रंग होते, दोन ब्रश होते, तिचा छोटा चिमटा आणि स्क्रू काढायचं हत्यारही होतं. म्हणजे भांडायला येतानाही हे सगळं ती बरोबर घेऊन आली होती. का आणलं होतं ते मी विचारलं नाही. तिनं घड्याळ उघडलं, यंत्र बाहेर काढलं, काटे उचलले, कडेचे स्क्रू सैल केले आणि तबकडी टॉवेलवर ठेवली. सगळं भराभर, एक शब्द न बोलता. मग ब्रश ताईसमोर धरला.

"काढ फूल."

"मी?"

"तुझं आहे ते. मी काढलं तर माझं होईल."

"छोटे, माझा हात आता स्थिर राहत नाही." ताईनं हात पुढं करून दाखवला. ब्रश न धरताही तो हलत होता. छोटीनं तो पहिल्यांदाच पाहिला असावा. ती क्षणभर बघत राहिली. मग उठून ताईच्या मागं जाऊन उभी राहिली, आपला डावा हात टेबलावर आडवा ठेवला, त्यावर ताईचं मनगट टेकवलं आणि वरून उजव्या हातानं धरलं. दातांवर बारीक काम करताना ती स्वतःचा हात असाच दुसऱ्या हातावर टेकवते.

"आता काढ."

ताईनं पहिली पाकळी काढली. जरा जाड झाली. दुसरी काढायला बराच वेळ लागला, कारण मध्येच ताईला डोळे पुसावे लागले आणि छोटी मनगट सोडायला तयार नव्हती. शेवटी मी रुमाल धरला. दुसरी पाकळी पहिलीपेक्षा बरी झाली. तिसरीसाठी ताईनं ब्रश रंगात बुडवला, तेव्हा छोटीनं तिचा हात उचलून बाजूला ठेवला.

"बास."

"पाच असतात गं."

"किती असतात ते मला ठाऊक आहे. उरलेल्या पुढच्या पाळीला. तेव्हा तू घड्याळ द्यायला येशील ना."

ताईनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तीन पाकळ्या रंगवायला मी समुद्र ओलांडून येऊ?"

"हो."

"आणि नाही आले तर?"

"तर संग्रहवाले विचारतील, हे अर्धवट काम कुणाचं? त्या सगळ्यांना मी तुझं नाव सांगेन."

ताई हसली, आणि हसता हसता रडली, दोन्ही एकदम. मी टॉवेलचं टोक सरळ करायला लागलो, कारण मलाही काहीतरी करायला हवं होतं. दोन पाकळ्यांचा रंग सुकेपर्यंत दोघी त्यावर वाकून बसल्या होत्या, डोक्याला डोकं लावून. मग छोटीनं तबकडी चढवली, काटे बसवले, केस बंद केली. ताईनं घड्याळ एका मोज्यात घातलं आणि मोजा पर्समध्ये. जाताना दारात ती थांबली. तिचं नर्सचं डोकं पुन्हा चालायला लागलं होतं.

"कुठला जांभळा वापरला ते लक्षात ठेव," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी रंग जुळायला हवा."

"रंग मी जुळवीन," छोटी म्हणाली. "तू ये."